गेदरबाईंची झोप

दाताच्या डॉक्टरने लेमच्या तोंडात आरसा घालून बघितलं आणि मग तो लेमशी न बोलता माझ्याशी बोलायला लागला. मेलेल्या माणसाच्या बायकोशी बोलतात तसा हळू आवाज काढून. खालचे सगळे दात काढावे लागतील, म्हणाला. हिरड्या सडल्यात, पू जबड्यात उतरलाय, थांबलात तर गळ्यात उतरेल. लेमने तोंड मिटलं, टोपी उचलली आणि चालू लागला. मी त्याच्यामागे जवळजवळ धावतच निघाले. डायमंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तो थांबला आणि म्हणाला, "रेकॉर्डिंग होऊ दे, डेस. मग दात काय, डोकं उपटलं तरी चालेल."

डेस म्हणजे मी, ओडेसा पर्नेल. शर्टांच्या कारखान्यात इस्त्री करते. लेम, म्हणजे लेम्युएल पर्नेल, माझा नवरा, टेनर सॅक्सोफोन वाजवतो. वाजवायचा. फिलाडेल्फियाच्या आमच्या भागात हे नाव घेतलं की लोक म्हणतात, हां, तो मऊ वाजवणारा, आणि दुसऱ्या कोणाविषयी बोलायला लागतात.

टेनर वाजवणाऱ्याचे दात गेले म्हणजे काय, हे वाजवणाऱ्याच्या बायकोलाच विचारावं. खालचा ओठ दातांवर दुमडायचा, त्याच्यावर वेताची पातळ पट्टी टेकवायची आणि फुंकायचं. ओठाखाली दात नसले की ओठ बसतो, आणि ओठ बसला की सूर बसतो. कवळी लावून वाजवणारे आहेत, हे मला कोणी सांगू नये. ते वाजवतात, पण पूर्वीचा सूर त्यांच्याकडे परत येत नाही. आणि लेमकडे त्या सुराशिवाय होतं काय? वेग नव्हता, नाव नव्हतं, चांगला सूट नव्हता.

तो सूर त्याला आमच्या वरच्या मागल्या खोलीतल्या कपाटात सापडला होता. खरंच, कपाटात. लग्न झालं तेव्हा लेम दारूच्या गुत्त्यांमध्ये काउंटरवर चढून, पाठीवर लोळून, गाढवासारखा ओरडणारा सॅक्सोफोन वाजवायचा आणि लोक पैसे फेकायचे. आम्ही या घरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सराव सुरू केला आणि भिंतीवर खराट्याच्या दांडीचे ठोके पडले. आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं, मधे एकच भिंत. मग दार वाजलं. दारात शेजारच्या गेदरबाई, डोक्याला जाळी, अंगात झगा. इस्पितळात रात्रपाळीच्या नर्स होत्या.

"मी रात्रभर मरणाऱ्यांची भांडी उचलते," त्या म्हणाल्या. "दिवसा मला तरी मरू दे."

लेमने मागल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडलं. त्यात त्याच्या वडिलांचा फौजेतला कोट होता, माझा किरमिजी कोट, पूर्वीचे भाडेकरू टाकून गेलेले चार कोट आणि डांबराच्या गोळ्या. त्याने सॅक्सोफोनचं तोंड त्या कोटांत खुपसलं आणि हळू फुंकलं. तेव्हापासून रोज तसंच. इतर बायकांचे नवरे दारूचा वास घेऊन घरी येतात, माझ्या नवऱ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. इतकी वर्षं लोकरीत फुंकून फुंकून त्याचा आवाज बदलला. सुराच्या आधी श्वास ऐकू यायचा, मग सूर, आणि सूर संपला तरी श्वास थोडा वेळ मागे राहायचा. खालचे सूर तर असे, की शेजारच्या खोलीत कोणी आपलं नाव घेतल्यासारखं वाटून मान वळायची. आणि अर्ध्या ओळीत तो थांबायचा. गेदरबाईंची खाट कपाटाच्या पलीकडेच होती. ठोका पडतो का ते कान देऊन ऐकायचा. नाही पडला, की उरलेली ओळ पुरी करायचा.

या थांबण्याचं पुढे काय झालं ते ऐका. कर्टिस बेलामी नावाचा एक तरणा वादक आमच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा, माझ्या हातची तळलेली मासळी खायचा आणि वर जाऊन लेमच्या शेजारी जमिनीवर बसून ऐकायचा. लेमने त्याच्यापासून काही लपवलं नाही. तो न्यूयॉर्कला गेला, त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, मासिकात फोटो आला. त्या थांबण्यावर कोणी पानभर लिहिलं. बेलामीचं मौन, म्हणे. मग इथले सगळे तरुण तसं थांबायला लागले, तसा श्वास सोडायला लागले. आणि शनिवारी बारमध्ये बाहेरगावचं कोणी आलं की लेमच्या पाठीवर थाप मारून सांगायचं, छान वाजवता, अगदी बेलामीची आठवण होते. लेम म्हणायचा, हो, चांगला वाजवतो तो. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण तो खरंच तसं मानायचा. त्याचं एकच म्हणणं होतं. एकदा, एकदाच, कुठेतरी आपला सूर राहावा. त्याची एकही रेकॉर्ड नव्हती.

त्या जुलैत कर्टिसचा फोन आला. त्याच्या नव्या रेकॉर्डचं काम चालू होतं. आपलं संपलं की उरलेल्या वेळात लेमचं रेकॉर्डिंग करायला त्याने कंपनीला राजी केलं होतं. दाताच्या डॉक्टरकडे गेलो तो त्याच आठवड्यात.

रेकॉर्डिंग गुरुवारी होणार होतं. लेमने पेनिसिलिनची सुई टोचून घेतली, सूज उतरली, आणि तो जिंकल्यासारखा घरभर फिरला. बुधवारी कंपनीने कळवलं, पुढच्या आठवड्यात. सूज परत आली. मी लवंगेचं तेल लावलं, कॉलर्ड या कोबीसारख्या भाजीच्या पाल्याचं पाणी चमच्याने पाजलं. सिगारेटचा कागद घडी करून तो खालच्या दातांवर ठेवायचा आणि कोटांत तोंड घालून वाजवायचा. बाहेर आला की कागद लाल झालेला असायचा. त्याला वाटायचं मला दिसत नाही.

शेवटी मी गेदरबाईंना बोलावलं. त्या झोपेतून उठून आल्या, खिडकीपाशी त्याला बसवलं आणि हनुवटीखाली दोन बोटं दाबली. लेमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इथून आत उतरलं की जीभ वर येते आणि श्वास बंद होतो," त्या म्हणाल्या. "मी पाहिलंय. आदल्या दिवशी माणूस हसत असतो. आजच्या आज दात काढायला चल."

"रेकॉर्डिंग झालं की."

"कोणासाठी मरतोयस रे? त्या पितळी नळीसाठी?"

"बाई, तुमच्याशिवाय मला कोणी ऐकलंय कुठे?"

"मी ऐकत नाही," गेदरबाई म्हणाल्या. "मी झोपते."

लेम हसला, मग गाल धरून वाकला.

त्या गेल्यावर मी भांडले. शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं भांडले. रेकॉर्ड काय चुलीत घालायची आहे मला, म्हटलं. मग मी सॅक्सोफोनची पेटी उचलली आणि चर्चच्या तळघरात नेऊन ठेवायला निघाले. तो आडवा आला नाही. दारातून मागे वळून बघितलं, तर तो उघड्या कपाटासमोर खुर्चीवर बसला होता आणि रिकाम्या हातांची बोटं मांडीवर हलत होती. मी पेटी परत आणून ठेवली. मला तो जिवंत हवा होता. आणि तो सूर काढून घेतल्यावर जे उरेल त्याला जिवंत म्हणायचं का, हे मला कळत नव्हतं. देवाकडे मागायचं तरी काय, दोन्ही मागितलं तर ऐकेल का, असे विचार करत मी दिवसभर दुसऱ्यांचे शर्ट भाजत उभी असायचे.

जायच्या दिवशी सकाळी त्याचा चेहरा एका बाजूने पावासारखा फुगला होता. शब्द नीट उमटत नव्हते. त्याने कपाटाकडे बोट केलं आणि म्हणाला, "तिथं कोट नसणार, डेस." मी समजले. सगळे कोट काढले, दोन बॅगांत कोंबले, मावले नाहीत ते हातावर घेतले. जुलैचं ऊन, डांबर वितळतंय, आणि आम्ही दोघं लोकरीचे कोट घेऊन बसच्या थांब्यावर. पायऱ्यांवर बसलेल्या बायका म्हणाल्या, न्यूयॉर्कला बर्फ पडलाय का गं ओडेसा? गेदरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या रात्रपाळी करून नुकत्याच येत होत्या. त्यांनी लेमच्या हनुवटीखाली पुन्हा हात लावला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

रेकॉर्डिंगची खोली मोठी, उंच, आणि भिंती उघड्या. कर्टिस आला, लेमचा चेहरा बघितला आणि पांढरा पडला. म्हणाला, "मिस्टर लेम, आज राहू दे. मी त्यांना परत विचारतो."

"ते परत हो म्हणणार नाहीत," लेम म्हणाला. "तुलाही माहितीये."

कर्टिसने माझ्या हातातले कोट घेतले आणि मायक्रोफोनच्या मागे दोन स्टँड लावून त्यांच्यावर एकेक करून टांगले. काचेपलीकडून कंपनीच्या माणसाने विचारलं की हे कपड्यांचं दुकान कोणाचं. कर्टिसने त्याला सांगितलं, माझ्या गुरूचं. एवढं त्याने केलं, हे मी नाकारणार नाही.

पियानोवाल्याने चालीचं नाव विचारलं. ती लेमची स्वतःची चाल होती. घरात आम्ही तिला 'गेदरबाईंची झोप' म्हणायचो, पण तिथे सांगायला लेमला लाज वाटली. नाव नंतर देऊ, म्हणाला. मग त्याने कागदाची घडी दातांवर ठेवली, डोळे मिटले आणि कोटांकडे तोंड केलं.

मी इतकी वर्षं तो सूर भिंतीआडून, जिन्यावरून, भांडी घासताना ऐकला होता. समोर बसून, दुसरं काही न करता, तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दुखणं त्यात कुठेही नव्हतं. तो इतका हळू वाजवत होता की ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि नुसत्या बोटांनी ताल धरला. अर्ध्या ओळीत लेम थांबला. नेहमीसारखा. मान जरा डावीकडे, कान भिंतीकडे. तिथे भिंत नव्हती, गेदरबाई नव्हत्या, तरी तो ऐकत राहिला. मग त्याने उरलेली ओळ पुरी केली, इतक्या प्रेमाने की मी पदर असता तर तोंडात धरला असता. चर्चला घालायचे हातमोजे होते, तेच चावले.

चाल संपली. काचेपलीकडून कोणीतरी म्हणालं, चांगली झाली, आता दुसरी. लेमने मान डोलावली, वाजवायला घेतलं आणि सुराऐवजी त्याच्या तोंडातून रक्त आणि घाण बाहेर आली. तो काहीतरी बोलायला गेला, पण जीभ वळेना. गेदरबाईंनी सांगितलं होतं तसंच. कर्टिसने त्याला उचललं. मी कोट तिथेच टाकून धावले.

इस्पितळात त्यांनी गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि दात काढले, सगळे. लेम वाचला. लोक म्हणाले, देवाची कृपा. मीही म्हटलं. कर्टिसने नंतर कोट धुऊन, घडी करून पाठवले. मी ते परत कपाटात टांगले.

कवळी बसली तेव्हा थंडी सुरू झाली होती. लेमने एका सकाळी कपाट उघडलं, आणि आतून जो आवाज आला तो बदकाचा. त्याने पट्टी बदलली, ओठ बदलून बघितला, मान वाकडी केली. बदकच. दोन आठवडे मी तो आवाज ऐकत जेवण केलं. मग त्याने सॅक्सोफोन पुसला, पेटीत ठेवला, पेटी खाटेखाली सरकवली. त्याने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

गेदरबाई त्या दिवसांत भर दुपारी पायऱ्यांवर बसलेल्या दिसायच्या. डोळे लाल. कधी ट्रकवर चिडायच्या, कधी पोरांवर, कधी मासळीवाल्याच्या घंटेवर. "या गल्लीत एवढा गोंगाट पहिल्यापासून होता का गं?" त्यांनी मला विचारलं. होता, मी म्हटलं.

आणि एक दिवस लेम अर्धी दाढी करून घरी आला. एका गालावर साबण तसाच. टॉलिव्हरच्या सलूनमध्ये एक खेळ चालायचा. टॉलिव्हर नवी रेकॉर्ड लावणार, नाव झाकणार, आणि खुर्च्यांवर बसलेल्यांनी ओळखायचं. त्याने कर्टिसची नवी रेकॉर्ड लावली होती. शेवटून दुसरी चाल लागली आणि सगळे एकदम म्हणाले, बेलामी, हे काय विचारणं झालं? टॉलिव्हर वस्तरा थांबवून म्हणाला, या एका चालीत पोरगं एकदम पिकलंय बघा. मग लेमला विचारलं, तुला काय वाटतं, तुझाच चेला ना? लेम गळ्यातला कपडा सोडवून उठला.

"तू सांगितलंस का त्यांना, की ते तू वाजवलंयस?" मी विचारलं.

"काय सांगू? वाजवून दाखव म्हणाले असते."

मी कर्टिसला फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो दुसऱ्याच दिवशी आला, रेकॉर्ड घेऊन. मी त्याला बस म्हटलं नाही. दारातच उभा राहून त्याने सांगितलं की एका चालीची रेकॉर्ड निघत नाही, रेकॉर्डिंगची टेप फेकून देणार होते, म्हणून त्याने ती आपल्या रेकॉर्डमध्ये घालायला लावली. लेमचं नाव लिहून दिलं होतं. त्यांनी छापलं नाही. चालीला नावही त्यांनीच दिलं, 'कर्टिसची विश्रांती'. पुढच्या छपाईत दुरुस्त करून घेईन, म्हणाला, आणि रडायला लागला.

"रडतोस काय," मी म्हटलं. "तुझं काय गेलंय?"

लेम आतून आला आणि त्याने कर्टिसच्या खांद्यावर हात ठेवला. "फेकली नाही ना," तो म्हणाला. "बास."

तो शनिवार होता. कर्टिस गेल्यावर लेम स्वयंपाकघरात जाऊन बसला. कवळी काढून ग्लासात ठेवली होती. मी रेकॉर्ड घेऊन वर गेले, ग्रामोफोन कपाटात नेला, कोटांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे तोंड करून ठेवला आणि सुई शेवटून दुसऱ्या चालीवर टेकवली. का, ते मला सांगता येणार नाही. तो आवाज त्याच्या जागी जावा असं वाटलं.

आधी श्वास आला, मग सूर. अर्ध्या ओळीत लेम थांबला आणि मी त्या खोलीत एकटी उभी राहून भिंतीकडे कान दिला. ठोका पडला नाही. त्याने ओळ पुरी केली.

चाल संपता संपता खाली दार वाजलं. गेदरबाई. डोक्याला जाळी, अंगात तोच झगा, आणि चेहरा असा की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. लहान मुलीसारखा.

"बसली म्हणायची कवळी," त्या म्हणाल्या. "मी एवढंच सांगायला आले, की त्याला म्हणावं थांबू नकोस. आत्ता कुठे डोळा लागत होता."

वर सुई पुढच्या चालीवर गेली आणि कर्टिस वाजवायला लागला. तोच श्वास, तेच खालचे सूर, तेच थांबणं. गेदरबाईंनी मान तिरकी केली.

"हा कोण मधे? कर्टिस आलाय का?" त्यांचं तोंड कडू झालं. "हा नुसता थांबतो, ऐकत नाही. त्याला उठव आणि लेमला बसव. मी जाऊन पडते."

त्या गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात लेम उभा होता, तोंडावर हात दाबून. त्याने सगळं ऐकलं होतं. आम्ही दोघं वर गेलो. भिंतीपलीकडे खाट करकरली. मी सुई उचलून मागे न्यायला गेले, तर लेमने माझं मनगट धरलं.

"ते त्यांनी आत्ताच ऐकलं," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "दुसरं मागतायत."

आम्ही कोटांसमोर उभे राहिलो. कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. थोड्या वेळाने पलीकडून भिंतीवर खराट्याच्या दांडीचा ठोका पडला, हळूच, आणि मग आणखी एक. इतकी वर्षं तो ठोका पडला की लेम वाजवणं थांबवायचा.